काशीबायचा जुडगा

ये गं मनीषा, अशी जवळ ये. कान इकडं कर. फोनवर सांगायला लागले की तू अर्ध्यातच "सुलूआजी, ड्युटीला निघते" म्हणतेस आणि माझं वाक्य तसंच लटकत राहतं, म्हणून या वेळेला लिहूनच पाठवतेय. कागद काही "निघते" म्हणून बंद करता येत नाही. करशील म्हणा तू, पण निदान मला दिसणार तरी नाही.

आधी थोडं बोलून घेते, मग पुढचं. त्या दिवशी तू म्हणालीस, तुझ्या त्या जर्मनीतल्या वृद्धाश्रमातल्या एका बाईनं तुला विचारलं, तुझी आजी कशी होती, आणि तू सांगितलंस, "प्रेमळ होती." अगं, प्रेमळ? काशीबाय? तुझ्या आजीला प्रेमळ म्हणणं म्हणजे कोयत्याला गुळगुळीत म्हणणं. असेल गुळगुळीत, पण ते काय त्याचं काम आहे? चाळीस वर्षं तिच्या भिंतीला भिंत लावून काढली मी. वीट आणला होता बाईनं. तर त्या तुझ्या म्हाताऱ्या बाईला नीट काय ते सांग. मी लिहिते तसं सांग.

दार वाजवून आत यायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. मी चुलीपाशी असले की मागच्या दारानं आत, सरळ माझ्या भाताच्या टोपात बोट. शीत दाबायची आणि म्हणायची, "आजून दोन कढ येऊ दे." मी म्हणायची, "काशीबाय, माझा भात मला शिजवू दे की गं." तर म्हणायची, "शिजव ना. मी कुठं शिजवतेय? मी सांगतेय." हे चाळीस वर्षं. वरून निघताना माझी मिठाची बरणी उजवीकडची डावीकडं सरकवून जायची, का ते तिलाच ठाऊक. आता ती नाही, तर मीच माझी बरणी डावीकडं ठेवते. हा आणखी एक वैताग.

कमरेला तिच्या किल्ल्यांचा जुडगा असायचा, तो तुला आठवत असेल. खुळखुळ आली की कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. पण त्या किल्ल्या कुठल्या, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही. पळसदरी स्टेशनाकडून धरणाच्या अंगानं आत चालत आलं की आपली वाडी. तू लहान होतीस तेव्हा सगळ्या घरांत माणसं होती. मग कोणी बदलापूरला गेलं, कोणी कल्याणला, कोणाचं पोर पनवेलला. नोकऱ्या तिकडं, पोरांच्या शाळा तिकडं. मागं राहिली म्हातारी माणसं, आणि ती एकेक करून कमी व्हायला लागली. म्हातारं गेलं की मुलगा यायचा, तेराव्यापर्यंत राहायचा, जाताना कुलूप लावून किल्ली काशीबायच्या हातात द्यायचा. "काकी, जरा लक्ष ठेव हं." अशी नऊ घरं झाली.

आता लक्ष ठेव म्हटलं की शहाणं माणूस काय करेल? येता जाता कुलूप बघेल. पण हिचं सगळंच उलटं. तिचं म्हणणं, कौलारू घराला धूर लागतो. चुलीच्या धुरानं वासे काळे पडतात म्हणून त्यांना वाळवी लागत नाही, भुंगा लागत नाही. चूल गार पडली की चार पावसांत आढं खाली. खोटं नाही गं, खरंच आहे ते. पण खरं असलं म्हणून काय नऊ घरांच्या चुली एका बाईनं पेटवायच्या?

तिनं घरांना वार लावून दिले. सोमवारी वसंताचं घर, मंगळवारी बाळारामचं आणि त्याच्या शेजारचं, असं करत रविवारपर्यंत. बुधवार तेवढा मोकळा ठेवला होता, गुडघ्यांना तेल लावायला. सकाळी डोक्यावर शेणी आणि काटक्या, कमरेला काडेपेटी, आणि निघायची. मागच्या पडवीतनं आत जायची, चूल पेटवायची, तिथंच कोरा चहा करून प्यायची आणि चहा पिता पिता घराशी बोलायची. हसू नकोस. मी स्वतः ऐकलंय. वसंताच्या घरात बसून भिंतीला सांगत होती, "वसंताला दुसरी पोरगी झाली. बारशाला बोलावलं नाय आपल्याला. जाऊ दे." मी म्हटलं, "अगं, कोणाशी बोलतेस?" तर म्हणते, "त्याच्या आयशीशी. ती याच खांबाला टेकून बसायची ना?"

एकदा तर कहर झाला. धरणाजवळच्या फार्महाऊसवर मुंबईचे पाहुणे आले होते. त्यांना दिसलं, पुढच्या दाराला कुलूप आणि कौलांतनं धूर. त्यांनी बंबच बोलावला. तो एवढा मोठा लाल बंब आपल्या गल्लीत शिरला आणि माझ्या तुळशीपाशी अडकला. जवान पाइप घेऊन मागच्या दारानं धावत गेले, तर आत ही बाई चुलीपुढं बशीत चहा ओतून बसलेली. "या," म्हणाली. "बसा. किती जणं हाव? आधण वाढवते." सगळ्यांना चहा पाजला तिनं. माझी तुळस मोडली ती मोडलीच. त्यावर म्हणाली, "तुळस परत येती गं. आढं परत येत नाय."

मग तू नर्सिंग करून त्या भाषेच्या क्लासला जायला लागलीस आणि एके दिवशी निघालीस. तुझी आजी रडली नाही, हे तुला लागलं होतं, मला माहीत आहे. तू गेल्यावर ती माझ्या ओटीवर येऊन बसली आणि मला म्हणाली, "सुले, तिकडं म्हातारी मानसं लय झाली, पोरं नायत, म्हनून आपली पोरगी नेली त्यांनी. बरोबर केलं. पन मग आपल्याकडं कोनाची आनायची?" मी म्हटलं, "आपल्याकडं कोण येतंय मरायला?" ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला धडकी भरायची. गुडघे तिचे तेव्हा पार गेले होते. नऊ घरांच्या नऊ चुली तिला होईनात, हे मला दिसत होतं. पण घरांचे वार सोडायचे, हे काही तिच्या डोक्यात येईना.

दुसऱ्या दिवशी बाई गायब. घरात नाही, शेतात नाही, नऊ घरांतल्या एकाही घरात नाही. दिवस मावळायच्या आधी आली, तीही खोपोलीच्या गाडीनं. कुठं गेली होती? साजगावला! कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभी राहिली होती, पाळी सुटायच्या वेळेला. वॉचमनला वाटलं म्हातारीचा मुलगा हरवलाय, त्यानं बिचाऱ्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली. आणि ही सुटलेल्या माणसांना एकेकाला अडवून विचारत होती, "लगीन हुआ है क्या? बायको किधर है? पोरंबाळं हायत? चूल पेटवनेको आता है क्या?"

तिला सापडला सुखदेव. झारखंडचा, इकडं एका खोलीत सहा जणांत राहणारा, बायको आणि तीन मुलं गावी. त्याला म्हणाली, "लेके आव सबको. घर मैं देती." तो म्हणाला, "भाड़ा कितना, माताजी?" ही म्हणाली, "भाडं नको. धूर दो." त्या बापड्याला वाटलं, म्हातारी विडी मागतेय.

मी तिला खूप बोलले. लपवत नाही. म्हटलं, "काशीबाय, घर वसंताचं आहे, तुझं नाही. परक्या मुलखातली माणसं, कोण कुठली, उद्या भांडीकुंडी उचलून गेली तर वसंताला काय तोंड दाखवशील?" ती म्हणाली, "काय नेतील? वाळवी?" मी म्हटलं, "निदान त्याला विचार तरी." म्हणाली, "इचारते, इचारते." तिचं ते "इचारते" ऐकूनच मला कळायला पाहिजे होतं.

सुखदेवची बायको, फुलमनी, आली. बारीक चणीची, डोक्यावर पत्र्याची पेटी, कडेवर धाकटी. तिच्याजवळ गॅसची शेगडी होती. काशीबायनं तिला सांगितलं, "गॅस तुमारे लिए, चूल घर के लिए. सोमवार को पेटवनेकाच." मी मनात म्हटलं, ही पोरगी आता हसणार. तर ती म्हणाली, "हमारे यहाँ भी सास यही करती है, माई. पड़ोस के सब घर बंद हैं, सब बाहर कमाने गए. सास घूम घूम के चूल्हा जलाती है." काशीबाय बघतच राहिली. मला हळूच म्हणाली, "सुले, हिच्याकडं पन एक मी हाय." त्या दिवशी ती पोरगी जी तिला चिकटली ती चिकटलीच.

वसंताला मात्र सांगितलं नाही ते नाहीच. भादवा आला. तो दरवर्षी आदल्या दिवशी फोन करायचा, "काकी, घर झाडून ठेव," आणि चतुर्थीला सकाळी यायचा. हिचा बेत असा, की फोन आला की सांगू आणि फुलमनीला दोन दिवस आपल्याकडं आणू. पण त्या वर्षी वसंता पेणला मूर्ती आणायला गेला आणि तिथूनच टेंपो करून परस्पर आला, एक दिवस आधी. फोनबिन काही नाही.

मी माझ्या ओटीवरनं बघत होते. टेंपो थांबला. वसंता उतरला, डोक्यावर टोपी, हातात रुमालानं झाकलेला गणपती. मागं त्याची बायको, दोन्ही हातांत पिशव्या. आणि दाराला कुलूपच नाही. दार उघडलं आणि आतून फुलमनी आली. हातात तांब्या आणि ताटली. अगं, हिनं तिला आधीपासून शिकवून ठेवलं होतं! दारात कोणी गणपती घेऊन आलं की पायांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग आत घ्यायचं. मूर्ती हातात असताना दारात भांडण कसं करणार? वसंता आंब्याच्या खोडासारखा उभा. तोंड लालबुंद, ओठ नुसते हलतायत. ती पोरगी खाली वाकून शांतपणे त्याच्या पायांवर पाणी घालतेय, भाकरतुकडा ओवाळतेय. टेंपोवाल्याला काय माहीत, त्यानं मोठ्यानं "मंगलमूर्ती मोरया" केलं. मग वसंताला पण "मोरया" म्हणावंच लागलं.

मूर्ती पाटावर ठेवली आणि तो जो निघाला तो थेट तुझ्या आजीच्या ओटीवर.

"काकी, माझ्या घरात कोण आहे?"

"च्या घेशील?"

"चहा नको. घरात कोण आहे ते सांग."

"फुलमनी हाय. पाय नीट धुतलं ना तिनं?"

"कोणाला विचारून ठेवलंस?"

"तुला फोन केलता. तू म्हनालास, काकी मीटिंगमदी हाय. तीनदा केलता, तीनदा मीटिंग. मग मी म्हटलं, मीटिंगीला कशाला तरास द्या."

"माझं घर आहे ते! आज रात्रीच्या आत बाहेर काढ त्यांना."

"रं वसंता," ती म्हणाली, आणि आवाज चढवला नाही हं तिनं, "माझी नात परक्या मुलखात हाय. परक्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालती. तिला तिथं कोनीतरी खोली दिली म्हनून ती ऱ्हायली. दिवाबत्तीच्या वक्ताला तिला कोनी असं दारातनं भायेर काढली असती, तर मी इथं बसून काय केलं असतं?"

"ते मला सांगू नकोस. माझी किल्ली दे."

तेव्हा तिनं कमरेचा जुडगा काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. "घे. तुझी तू काढून घे."

इथं तुला एक सांगायला हवं. त्या किल्ल्यांवर नावं नव्हती, तिला कुठं लिहिता येत होतं? प्रत्येक किल्लीला चिंधी बांधलेली होती. ज्या घरची किल्ली, त्या घरच्या म्हातारीच्या लुगड्याच्या काठाची चिंधी. त्या सगळ्या म्हाताऱ्या गेलेल्या. किल्ली घ्यायची, चिंधी बघायची की तिला ती बाईच दिसायची.

वसंता चाळत बसला. "ही?"

"ती बाळारामची."

"मग ही."

"ती शाळेमागच्या आक्काची."

त्यानं आणखी दोन काढल्या, दोन्ही चुकल्या. त्याच्या आईची चिंधी हिरवी, तांबडा काठ. त्याच्या बोटांखालून दोनदा गेली, मी बघत होते. मला सांगावंसं वाटत होतं, पण तुझ्या आजीनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान फिरवली. शेवटी तिनंच ती बाजूला काढून दिली. म्हणाली, "ह्या लुगड्यात तुला गुंडाळून आयशीनं रानात नेलता, भात लावताना."

तो चिंधी अंगठ्यानं चोळत बसला. तेवढ्यात त्याची बायको आली. म्हणाली, "अहो, त्या बाईनं माजघर एवढं छान सारवलंय, मखराची जागा पण काढून ठेवलीय. आणि एकही कौल गळत नाही यंदा." मग त्यानं चहा घेतला. उठताना किल्ली जुडग्यात परत ओवली आणि म्हणाला, "होळीपर्यंत राहू दे. मग बघू."

तो गेल्यावर मी म्हटलं, "होळीनंतर काय करशील?" तर म्हणते कशी, "कुठल्या होळीपर्यंत ते मी इचारलं नाय." चार होळ्या पेटल्या मध्ये. फुलमनी तिथंच आहे. गणपतीला वसंता येतो, दीड दिवस सगळी एकाच घरात राहतात आणि मोदक ती वळते. वेडेवाकडे वळते, पण वळते.

फुलमनीच्या मागनं आणखी चार घरांत माणसं आली. शाळेत पटावर चारच मुलं उरली होती, शाळा बंद होणार म्हणत होते, ती राहिली. बाळारामच्या मुलांनी मात्र किल्ली काढून नेली. "आमच्या घरात परप्रांतीय नकोत." बरं, नकोत. गेल्या पावसाळ्यात त्यांचं आढं बसलं. फोटो पाठवला मी त्यांना, तर अंगठा आला उत्तर म्हणून. अंगठा! याला काय म्हणावं?

आता शेवटचं सांगते, आणि मध्ये उठू नकोस.

तिचे पाय सुजले, डॉक्टरनी पनवेलला दाखल करायला सांगितलं, तुझे बाबा सकाळी गाडी घेऊन आले. तेव्हा तुझी ड्युटी होती. वळणापर्यंत सोडायला म्हणून मीही गाडीत बसले. धरणाच्या वरचं ते वळण, जिथनं आपली सगळी कौलं दिसतात, तिथं ती म्हणाली, "थांबव." तुझे बाबा म्हणाले, "आई, उशीर होतोय." "थांबव म्हनतेय ना."

काच खाली केली आणि बोट बाहेर काढून एकेक घर बघायला लागली. वसंताकडं धूर होता. शाळेमागं होता. मग बोट थांबलं. "सुले, त्या घरात धूर नाय." मी बघितलं. म्हटलं, "अगं, ते तुझंच घर आहे. तू इथं बसलीयेस ना, चूल कोण पेटवणार?" ती म्हणाली, "त्याला मी वारच लावला नव्हता." आणि कमरेचा जुडगा काढून माझ्या हातात दिला. "बुधवार मोकळा हाय. बुधवार लाव त्याला."

"लावते. तू जा आता."

"आज बुधवारच हाय."

काय करणार होते मी? उतरले. या गुडघ्यांनी, या वयात, तो उतार धावत आले. तुझे बाबा मागून ओरडत होते, ते कोणाला ऐकू येतंय? तुमच्या घराच्या किल्लीला चिंधी नव्हती, म्हणून लगेच सापडली. काटक्या ओल्या होत्या. फुंकून फुंकून डोळे फुटायची वेळ आली, सगळा वेळ तोंडानं तिला शिव्या देत होते. पेटली एकदाची. पदरानं डोळे पुसत अंगणात आले आणि वर बघितलं. गाडी अजून तिथंच, वळणावर उभी. खिडकीतनं हात बाहेर. माझ्या डोक्यावरच्या कौलांतनं धूर वर गेला, चांगला वर गेला, मग तो हात आत गेला आणि गाडी हलली.

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

तुझे बाबा म्हणतात, घर विकून टाकू. फुलमनीची बहीण यायचं म्हणतेय, नवरा आणि पोरांसकट, त्यांना घर हवंय. मी कोणालाच काही बोलले नाही. घर तुझ्या आजीचं, विचारायचं तर तुला. पण फार ताणू नकोस हं, माझे गुडघे काही तिच्यापेक्षा चांगले नाहीत. तू उशीर केलास तर तू येशील तेव्हा दारात कोणीतरी तुझेही पाय धुवायला उभं असेल, आणि मग वसंतासारखं तोंड करून उभी राहशील.

तुमच्या घराच्या किल्लीला चिंधी मी बांधलीय. कुठल्या लुगड्याची ते लिहीत नाही. तू ये, जुडगा तुझ्यापुढं ठेवते, तुझी तू काढून दाखव. तुझ्या त्या म्हाताऱ्या बाईला सांग, आठ दिवस दुसऱ्या कोणाच्या हातानं आंघोळ कर म्हणावं, माझ्या गावाला माझी गरज आहे.

लवकर ये गं. आणि बुधवार धरून ये.